ऑर्किडवरचा चिकटा

बुध. ६ ऑगस्ट

दुरुस्ती.

रवि. ३ ऑगस्टच्या नोंदीत मी लिहिलंय : "आत्याच्या ऑर्किडची पानं चिकट झाली आहेत. कारण, आईने सोमवारच्या पूजेचं पंचामृताचं पाणी कुंड्यांत ओतलं." हे चूक आहे. खोडत नाही, तसंच ठेवते. आईचा काही संबंध नाही. चिकटपणा किडीचा आहे आणि ती कीड घरात मी आणली.

दुरुस्ती अशी लिहावी की पहिली नोंद न वाचलेल्यालाही सगळं कळावं, असं आत्यानेच शिकवलंय. म्हणून सगळं लिहिते.

सुमनआत्या अण्णांची थोरली बहीण. निवृत्त शिक्षिका, उदगीरला एकटी राहते. जूनअखेर नांदेडला तिच्या उजव्या डोळ्याच्या पडद्याचं ऑपरेशन झालं. तेव्हापासून तिथेच, धाकट्या काकांकडे. वाकायचं नाही, उचलायचं नाही, मोबाइल बघायचा नाही. तिची सात ऑर्किडं लातूरला आमच्या पूर्वेच्या गॅलरीत आहेत. दर रविवारी फोनवर मी तिला एकेका झाडाचं सांगते. तिला दिसत नाही, म्हणून मी सांगीन तेच तिला दिसतं. हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

आज दुपारी मी नोकरी करते त्या लॅबमध्ये चहाच्या वेळेत सरांना विचारून मायक्रोस्कोप घेतला. सकाळी थोरलीच्या (जांभळी, सगळ्यांत जुनी, अकरा वर्षांची) पानाखालून मसुराच्या सालीएवढा एक तपकिरी ठिपका नखाने उचकटून काडेपेटीत नेला होता. मी डाग समजत होते. सुईने टोक उचललं तर ते कवच निघालं. खाली पिवळट अंडी, आणि त्यांतली दोन-तीन चालत होती. पाय मोजता येत होते.

खवले कीड. पानाचा रस शोषते आणि गोड चिकट पाणी टाकते. पंचामृत नाही.

सर म्हणाले, "कोणाचा सँपल आहे हा?" मी म्हटलं, घरचा.


गुरु. ७ ऑगस्ट

काल लिहिलं त्यात हे राहिलं.

आई रोज सकाळी इष्टलिंगाची पूजा करते. पूजेचं पाणी मोरीत जाऊ द्यायचं नाही, कोणाच्या पायाखाली येऊ द्यायचं नाही. जुन्या घरी बेलाचं झाड होतं, त्याच्या बुंध्याशी घालायची. फ्लॅटमध्ये आल्यावर कुंडीत बेल लावला, तो मे महिन्यात वाळला. २८ जुलैला, श्रावणातल्या पहिल्या सोमवारी, ती थोरलीच्या कुंडीत तांब्या रिकामा करताना मी पाहिली. पाण्यात दूध, मध, साखर. पुढच्या रविवारी पानं चिकट लागली आणि मी दोन्ही जोडून टाकलं.

आई तेव्हाच म्हणाली होती, "एकदाच घातलं गं, तेबी मुळाशी. पानाला थेंब न्हाई."

मी : मग पानं चिकट कशी?

आई : "चिकटा पडला असंल. आमच्या मुखेडकडं ज्वारीवर पडायचा. पानं अशीच चकाकायची."

मी : आई, तो ज्वारीवर पडतो. ही ऑर्किडं आहेत.

हे मी म्हटलं. शब्द हेच.

खरं तर तेव्हाच दिसायला हवं होतं. वरच्या फळीवरच्या चार झाडांना आईचा हात पोचतच नाही, तीही चिकट होती. पानं खालच्या बाजूने जास्त चिकट होती. ओतलेलं पाणी पानाच्या खालून वर कसं चढेल?

मग आत्याचा फोन. मी तिला कारण सांगून टाकलं. ती म्हणाली, "शोभाला दे." आईने फोन कानाला लावला. आत्याचा आवाज मोठा, वर्गात बोलल्यासारखा, मला उभ्या जागी ऐकू आला : "शोभा, ती झाडं आहेत, पिंड नाही."

आई फक्त म्हणाली, "हाव अक्का." आणि फोन मला परत दिला.


शुक्र. ८ ऑगस्ट

कीड कुठून आली ते आता नक्की.

क्र. ८. हे झाड आत्याला माहीतच नाही. जुलैत मी एका रोपवाटिकेतून आणलं, पिवळं, फुलावर होतं. ती परत आली की "सात दिली होतीस, आठ घे" म्हणायचं, असं मनात. नवं झाड वीस दिवस वेगळं ठेवायचं हा आत्याचा नियम, मला पाठ आहे. पण सातांच्या मध्ये ठेवलं तर फार छान दिसत होतं. तेवढ्यासाठीच ठेवलं. दुसरं काही कारण नाही.

आज त्याच्या पानांच्या बेचक्यात पाहिलं. कवचं एकावर एक. सगळ्यांत जुनी, सगळ्यांत मोठी. इथूनच.

आणि पसरवली मी. दर रविवारी एकच ओलं फडकं घेऊन सगळ्या झाडांची पानं पुसत होते, कडेपासून मधल्या शिरेपर्यंत. आत्याने पाटी पुसायला शिकवली होती तशी. आठवं दाराजवळ, म्हणून सुरुवात त्याच्यापासून. एकही पान सोडलं नाही. निष्काळजीपणा केला असता तर दोन-तीन झाडं वाचली असती.

क्र. ८ आता बाथरूमच्या खिडकीत, एकटं.


शनि. ९ ऑगस्ट. राखी.

अण्णा नांदेडला जाऊन आले. मनगटावर आत्याची राखी. खुशीत होते.

"तुझी आत्या सगळ्यांना सांगून राहिली, झाडं नंदिनीकडं हायेत म्हणून मी निवांत हाय. डॉक्टरला बी सांगितलं म्हणे."

मी जेवले नाही. म्हणजे थोडं जेवले.

झाडं : कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये बुडवून एकेक ठिपका पुसला. उन्हं गेल्यावर, नाहीतर पान जळतं. प्रत्येक झाडाला नवा बोळा, प्रत्येक झाडानंतर हात धुतले. थोरलीवर एकशे बारा निघाले. मग मोजणं बंद केलं.


रवि. १० ऑगस्ट

फोन. आज सांगायचं ठरवलं होतं. वाक्यही लिहून ठेवलं होतं : आत्या, गेल्या रविवारी मी सांगितलेलं कारण चुकीचं होतं.

ती आधी बोलली. डावा डोळा मिटला की समोरचा माणूस अजून पाण्यातून दिसल्यासारखा दिसतो म्हणे. "चेहरा येत नाही गं. काकू आणि तिची सून, दोघी मला सारख्याच." हसली. ती अशी कधी हसत नाही.

मग : "हं, झाडं सांग."

मी सांगितलं. पांढरीला नवी काडी, चार कळ्या. काडीवर थेंब.

"थेंब म्हणजे झाड खुशीत आहे. आणि पानं?"

"पुसली."

"चिकट आहेत?"

"कमी झालीत."

यातलं एकही वाक्य खोटं नाही. मी चार वेळा तपासलं.


सोम. ११ ऑगस्ट

तिसरा सोमवार. दुसरी शिफ्ट होती म्हणून सकाळी घरी होते, आणि दिसलं.

त्या फोननंतर आईने पूजेची जागा बदललीय. पूर्वी गॅलरीच्या दाराशी, पूर्वेला तोंड करून बसायची. आता स्वयंपाकघरात, गॅस आणि फ्रिजच्या मध्ये. गॅलरीत ती कपडे वाळत घालायलाही येत नाही, ते अण्णा घालतात. आणि पूजेचं पाणी तांब्यात घेऊन, वर वाटी झाकून, तीन मजले उतरते. लिफ्ट नाही. मागच्या गल्लीतल्या मठात बेल आहे, तिथे घालून परत तीन मजले वर. एका हातात तांब्या, दुसऱ्या हाताने कठडा, प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय टेकवून. आठ दिवस हे चाललंय आणि मी रोज साडेसातला बाहेर पडते, मला माहीत नाही.

खालच्या काकूंनी जिन्यात विचारलं, "शोभाताई, रोज तांब्या घेऊन कुठं?"

आई : "काशीला. तीन मजले उतरलं की आली."

दोघी हसल्या. मी वरच्या वळणावर उभी होते. उजवा गुडघा साडीतूनही सुजलेला कळत होता.

दुपारी निघायच्या आधी तिला सगळं सांगितलं. कीड, क्र. ८, फडकं. ती मेथी निवडत होती. निवडतच राहिली.

"मला ठाव होतं," म्हणाली. "पानाला बोट लावलं तवाच. साखरंचं चिकट वाळलं की खरखरीत लागतं. ह्ये वाळतच न्हाई."

मी म्हटलं, मग बोलली का नाहीस?

"बोलले की. ज्वारीचं म्हणून तूच मोडीत काढलंस."

मी म्हटलं, आत्याला आजच सांगते.

तेव्हा मात्र तिने मेथी खाली ठेवली. "न्हाई. अजाबात न्हाई. तिच्या डोळ्याला पाणी येऊ द्यायचं न्हाई, डॉक्टरनं सांगितलंय. आठव्या झाडाचं ऐकलं, थोरलीचं ऐकलं की ती रडंल. अन् तुझ्यावरचा तिचा भरोसा जाईल तो येगळाच. मी काय, बत्तीस वर्सं ऐकून राहिले. आणखी एक."


मंगळ. १२ ऑगस्ट

आईने नको म्हटलंय. म्हणजे सांगितलं नाही तर ते आईचं ऐकणं होईल.

हे वाक्य मला फार सोयीचं आहे. म्हणून त्याच्यावर विश्वास नाही.


बुध. १३ ऑगस्ट

आठवलं ते लिहिते. तेव्हा आम्ही सगळे उदगीरला आत्याच्या घरी राहायचो, आणि मला दमा होता म्हणून चौथीपर्यंत शाळा घरीच झाली. सकाळी ती शाळेत जायच्या आधी दोन तास, संध्याकाळी एक. पाटी, मग वही, मग रोजनिशी. रोजनिशीचे दोन नियम. खोडायचं नाही, तारीख घालून दुरुस्ती लिहायची. आणि ज्यांच्यासमोर चूक सांगितली त्यांच्यासमोर उभं राहून दुरुस्ती वाचायची.

तिसरीच्या वयात मी लिहिलं होतं की वाळत घातलेली बोरं शेजारच्या मंगलकाकूंनी नेली. जेवताना सगळ्यांना सांगितलंही. नेली होती माकडाने, मागच्या पत्र्यावर बिया सापडल्या. आत्या हात धरून मंगलकाकूंच्या दारात घेऊन गेली. वही उघडली. मी वाचलं. मंगलकाकू पोट धरून हसल्या, ओंजळभर बोरं दिली. आत्या हसली नाही. परत येताना म्हणाली, "बोरं मिळाली म्हणून बरं वाटून घेऊ नकोस. त्यांना मधले दोन दिवस कसं वाटलं, ते तुला माहीत नाही."

आईचे दहा दिवस झाले.


गुरु. १४ ऑगस्ट

पुन्हा आली. शनिवारी सगळं पुसलं होतं, आज पानांच्या शिरेवर धुळीसारखी पिल्लं. कवचाखालची अंडी स्पिरिटने मरत नाहीत, दर आठवड्याला करावं लागणार, निदान पाच-सहा वेळा. थोरलीचं खालचं पान पिवळं. पांढरीवर खिडकीतून मुंग्या.

पांढरीच्या काडीवरचे थेंब भिंगाने नीट पाहिले. काचेसारखे स्वच्छ, कळीच्या देठाशी, खाली कीड नाही. हे खरंच झाडाचे स्वतःचे. म्हणजे ते मी आत्याला बरोबर सांगितलं. एवढं एक.

बोटाला हे आणि किडीचे, दोन्ही सारखेच लागतात.


शुक्र. १५ ऑगस्ट. सुट्टी.

सकाळपासून झाडं. बाथरूममध्ये एकेक नेऊन पानं धुतली. बोअरचं पाणी नाही वापरलं, पांढरे डाग पडतात. लॅबच्या एसीचं पाणी दोन कॅन भरून आणलं होतं (विचारून). साबणाचं पातळ पाणी, मग साधं, मग मधल्या गाभ्यात राहिलेलं टिश्यूने टिपून घ्यायचं, नाहीतर कुजतो. सुकल्यावर निंबोळी तेलाचा फवारा. थोरलीच्या कुंडीत मातीऐवजी असलेली जुनी साल आणि कोळसा काढून टाकला. मुळांवरही दोन कवचं होती.

आई गॅलरीच्या उंबऱ्यापर्यंत आली. आत आली नाही. तिथूनच म्हणाली, "खाली मुंग्यांची वाट मोड आधी. त्या नेतात त्याला उचलून, ह्या झाडावरून त्या झाडावर. ज्वारीत बी तसंच."

मी म्हटलं, ये ना आत, दाखव.

"न्हाई बाई. पुन्हा काय झालं तर माझ्या नावावर."

हसून म्हणाली. तरी.

मुंग्यांची वाट कपड्यांच्या दोरीच्या खिळ्यापाशी होती. तिने सांगितली नसती तर सापडली नसती.


रवि. १७ ऑगस्ट

लिहावंसं वाटत नाही, पण लिहिते.

फोन आला तेव्हा हाताला तेल होतं म्हणून स्पीकर लावला. आई तिथेच खाली बसून तांदूळ निवडत होती. आत्याला ते माहीत नाही. मी सांगायला हवं होतं की आई इथे आहे. सांगितलं नाही, हीसुद्धा माझीच चूक.

आत्या : "झाडं सांग."

मी सांगितलं. थोरलीचं पान पिवळं झालं हेही.

ती म्हणाली, "मी ठरवलंय. पुढच्या रविवारी, चोवीसला, काकांची गाडी पाठवते. सगळी झाडं इकडे नांदेडला आणते. काकूच्या गच्चीवर तिची पन्नास झाडं आहेत, त्यांत सात काही जड नाहीत. तू लॅबला गेलीस की दिवसभर ती शोभाच्या हाताखाली. तिला किती सांगणार? तिच्या भक्तीपुढे झाडं वाचायची नाहीत."

मी म्हटलं, आत्या, तसं नाहीय.

"तू आईची बाजू घेणारच, घे. पण तू मला खोटं सांगणार नाहीस, हे मला माहीत आहे. माझ्या हातची आहेस."

आईच्या सुपातला तांदूळ एक क्षण थांबला. पुन्हा सुरू झाला.

फोन ठेवल्यावर मी तिच्याकडे पाहिलं. ती म्हणाली, "खडे लई हायेत या तांदळात."

झाडं त्या गच्चीवर गेली तर कीड पन्नास झाडांवर जाईल. आणि मग कोणी विचारलं तर सगळ्यांना पाठ झालेलं उत्तर तयार आहे : लातूरला शोभाने पूजेचं पाणी ओतलं होतं. ते मी शिकवलंय.


सोम. १८ ऑगस्ट

शेवटचा श्रावण सोमवार. उशिरा जाण्याची परवानगी घेऊन आईबरोबर खाली उतरले. तांब्या मी घेते म्हटलं, तिने दिला नाही. कोपर धरू दिलं. बेलाच्या बुंध्याशी पाणी घालून तिने हात जोडले, आणि परत येताना दुसऱ्या मजल्यावर पायरीवरच बसली. बराच वेळ उठली नाही.

"तिच्या डोळ्याचं मला खरंच वाटतं गं," म्हणाली. "तुला वाटंल मी भिऊन म्हणून राहिले."

मी म्हटलं, मला तसं वाटत नाही.

"थोडं भिऊन बी हाय." मग : "तू दम्यानं निळी पडायचीस तवा रातभर तीच घेऊन बसायची. मला निजवायची अन् आपण बसायची. ते बी मी इसरले न्हाई."

मी कधी ऐकलं नव्हतं हे.

काकांना फोन करून विचारलं, डॉक्टरांनी रडायला मनाई केलीय का. काका म्हणाले, "असं काही नाही, डोळा चोळायचा नाही म्हणाले. बुधवारी तपासणी आहे, तेव्हा विचारतो. का गं?" मी म्हटलं, सहज.

सहज नव्हतं. दुरुस्ती : मी काकांना सहज म्हटलं, ते खोटं.


मंगळ. १९ ऑगस्ट

फोनवर सांगायचं नाही हे ठरलं. दोन रविवार फोनवर काय झालं ते वर लिहिलंय.

बुधवारी तपासणी, म्हणून बुधवार नाही. शुक्रवारी पोळा, काका-काकू गावी जाणार. रविवारी गाडी येणार. उरतो गुरुवार. सरांनी रजा दिली. कारण विचारलं, "घरचं" म्हटलं, ते खरं आहे.

बरोबर झाडाचं पान नेणार नाही, कीड दुसऱ्या घरात न्यायची नाही. फक्त ही वही. वाचायचं पान : ६ ऑगस्ट. मग ७ आणि ८. मग क्र. ८ बद्दल आत्या विचारेल ते सांगायचं. थोरली ठेवायची की टाकायची, ते आत्याने ठरवायचं.

ती काय म्हणेल ते लिहून पाहायचा प्रयत्न केला, जमलं नाही. माझ्या हातची आहेस, एवढंच पुन्हा पुन्हा ऐकू येतं.

संध्याकाळी आईला विचारलं, येशील का माझ्याबरोबर. ती चूक तुझ्यासमोर सांगितली होती, दुरुस्तीही तुझ्यासमोर व्हायला हवी.

"तुमचं दोघींचं शाळंचं खूळ हाय ह्ये. मला कशाला त्यात?"

मी म्हटलं, तू नाही आलीस तरी मी जाणार.

पोळ्या लाटत राहिली. शेवटची तव्यावर टाकून म्हणाली, "एसटीची पायरी लई उंच असती."

मी म्हटलं, मी हात देईन.

तिने पोळी उलटली.

गुरुवार, २१ ऑगस्ट. सकाळी पावणेसातची नांदेड गाडी.